निष्कर्षापासून पाड्यापर्यंत : आरोग्य धोरणात काम करू पाहणाऱ्यांसाठी

१९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीचा एक अभ्यास छापून आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच माणसांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं होतं. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथे हजारी ६२ वरून २५ च्या आसपास उतरलं. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत ते साठीच्या घरात होतं तसंच राहिलं. ही पद्धत आशांमार्फत, म्हणजे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविकांमार्फत, देशभर राबवण्याच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या त्या २०११ साली.

मधली बारा वर्षं कुठे गेली, हा प्रश्न मला विद्यार्थी असल्यापासून छळतो. त्या वर्षांत कुणीतरी समित्यांपुढे आकडे मांडत होतं, कुणी दुसऱ्या जिल्ह्यांत प्रयोग पुन्हा करून बघत होतं, तर कुणी एका घरभेटीचा मोबदला किती धरायचा याचा हिशेब करत होतं. हेही एक पूर्ण वेळचं काम आहे, त्यासाठी शिकता येतं आणि त्यावर पोट भरता येतं, हे मला शिकताना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची संख्याशास्त्राची. एम.एस्सी. झाल्यावर एका संशोधन प्रकल्पात डेटा सांभाळायला लागले, तिथे सार्वजनिक आरोग्याची गोडी लागली, मग एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, घेतली. आता राज्याच्या आरोग्य विभागाला तांत्रिक साहाय्य करणाऱ्या एका चमूत आहे. आम्ही सरकारी नोकर नाही आणि निव्वळ संशोधकही नाही. संशोधनाचे निष्कर्ष शासनाला वापरता येतील अशा रूपात आणणं आणि शासनाच्या अडचणी संशोधकांपर्यंत पोचवणं, असं दोन्ही बाजूंचं काम आहे. पहिल्या वर्षी मला वाटायचं की पुरावा भक्कम असला की धोरण आपोआप होतं. आता माझं मत असं आहे की पुराव्याचं धोरण होतं तेव्हा त्यातला काही भाग वाटेत गळतोच. कुठला भाग गळतोय, का गळतोय आणि त्याची किंमत कोण मोजणार, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं हेच या क्षेत्रातलं खरं काम.

गडचिरोलीचंच उदाहरण नीट बघू, कारण मराठी माणसाला ते जवळचं आहे आणि त्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

मूळ प्रयोगात जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसतील, तर प्रशिक्षित आरोग्यदूत घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत आणि सोबत को-ट्रायमोक्साझोलचं पातळ औषध. हे उपचार सुरू होण्याआधी जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी सोळा-सतरा दगावत होती. उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण शंभरात तीनाच्याही खाली आलं. २०११ च्या राष्ट्रीय सूचनांत घरभेटी आल्या, वजन आलं, स्तनपानाचा सल्ला आला, धोक्याची लक्षणं ओळखणं आलं. सुई मात्र आशाच्या हातात आली नाही. वैद्यकीय पदवी नसलेल्या बाईने नवजात बाळाला इंजेक्शन द्यावं की नाही यावर डॉक्टरांमध्ये तीव्र मतभेद होते, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण, हा प्रश्न कुठल्याही सचिवाला टाळता येत नाही. २०१४ मध्ये एएनएमना, म्हणजे उपकेंद्रावरच्या आरोग्य सेविकांना, ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली. म्हणजे मृत्यू कमी करणारा एक मोठा घटक तीन वर्षं उशिरा आला, आणि तोही वेगळ्या हातांत. एएनएम उपकेंद्रावर असते, तिच्याकडे कित्येक गावं असतात. रात्री पाड्यावर बाळ दूध ओढेनासं झालं तर दाराशी असते ती आशा.

मी इथे कुणाला दोष देत नाही. त्या मतभेदांत दोन्ही बाजूंना बाळांची काळजी होती. पण पुढे जेव्हा कुणी म्हणतं, 'गडचिरोलीत एवढा परिणाम दिसला, मग आमच्या जिल्ह्यात का दिसत नाही?' तेव्हा नव्या माणसाने आधी मूळ निबंध उघडावा आणि कार्यक्रमाच्या सूचनांशेजारी ठेवून वाचावा. माझ्या मेजावर असे दोन कागद कायम शेजारी असतात. मूळ प्रयोगात काय काय केलं होतं त्याची यादी एका बाजूला आणि शासनाने त्यातलं काय घेतलं ती दुसऱ्या बाजूला. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण कुठल्याही महागड्या मूल्यमापनाआधी ते झालंच पाहिजे.

दुसरी गोष्ट काळाची. गडचिरोलीत प्रयोग झाला तेव्हा बाळंतपणं बहुतेक घरीच होत. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली, आणि पुढच्या काही वर्षांत बाया दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या. त्यामुळे २०११ च्या सूचनांत वेळापत्रकच बदललं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवसाची धरून सात. संशोधन जिथे झालं ते जग धोरण येईपर्यंत पालटलेलं असतं. निष्कर्ष जसाच्या तसा उचलणं शक्य नसतं, आणि किती वाकवला तर तो मोडेल हे सांगायला विषयाची खोल समज लागते. नव्यांनी संशोधनाच्या पद्धती मन लावून शिकाव्यात असं मी म्हणते ते यासाठी. निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदावर भागत नाही.

आणि तिसरी, जिच्याबद्दल अभ्यासक्रमांत फारसं बोललं जात नाही. हा पुरावा नुसता नियतकालिकात राहिला असता तर तो तिथेच राहिला असता. महाराष्ट्रात २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव बालमृत्यू मोजले होते, आणि सरकारी नोंदीपेक्षा ते कितीतरी जास्त निघाले. अहवाल मराठीत होता. वर्तमानपत्रांनी तो उचलला, विधिमंडळात त्यावर गदारोळ झाला, आणि पुढे राज्याने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. दुसरीकडे 'अंकुर' प्रकल्पातून महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी वेगवेगळ्या संस्थांनी हीच पद्धत राबवून पाहिली आणि आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच राज्यांत ती तपासली. 'तुमच्याकडे बंग डॉक्टर होते म्हणून जमलं' या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी हे आवश्यकच होतं. तुम्ही कुठलाही विषय घ्या, हा आक्षेप येणार. एका ठिकाणी, ध्येयवेड्या माणसांच्या देखरेखीखाली जमलेली गोष्ट साध्या तालुक्यात, रिक्त पदांसकट जमेल का? हा प्रश्न विचारणारा अधिकारी अडवणूक करत नसतो. तो त्याचं काम करत असतो.

आता थोडं गावाकडे जाऊ.

एका आदिवासी तालुक्यात मी एका आशाताईंबरोबर तिसऱ्या दिवसाच्या भेटीला गेले होते. ताईंनी चप्पल बाहेर काढली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, वाळेपर्यंत थांबल्या. पुसले नाहीत, कारण प्रशिक्षणात तसं शिकवलं होतं. मग झोळीत बाळ ठेवून काटा उचलला, वजन वाचलं, मला दाखवलं. बाळाची आजी बाजूला बसून सगळं बघत होती. श्वास मोजायची वेळ आली तेव्हा ताईंनी बाळाच्या पोटाकडे पाहिलं आणि फॉर्मवर आकडा लिहिला. मी विचारलं, 'ताई, घड्याळ?' त्या म्हणाल्या, 'घड्याळ हाय ना मॅडम, पेटीतच हाय. सेल संपलाय. नवा सेल कुठनं आणायचा ते कोणी सांगितलं नाही.'

नवजात बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा चालत असेल तर तो धोक्याचा इशारा असतो. हे ओळखायला मिनिट मोजावं लागतं आणि मिनिट मोजायला चालतं घड्याळ लागतं. प्रयोगात ते होतं, राष्ट्रीय सूचनांतल्या साहित्य संचातही होतं. त्याचा सेल संपल्यावर काय, याचा विचार कुणी केला नव्हता. फॉर्म पूर्ण भरलेला होता. वर संगणकावर ती भेट शंभर टक्के यशस्वी दिसत होती.

परत आल्यावर मी ज्या कक्ष अधिकाऱ्यांशी बोलले ते शांतपणे म्हणाले, 'मॅडम, मुद्दा बरोबर आहे. पण लेखाशीर्ष कुठलं दाखवायचं?' हा प्रश्न तुम्हाला या क्षेत्रात शेकडो वेळा ऐकायला मिळेल. त्याचा राग मानू नका, त्याचं उत्तर शिका. खर्च कुठल्या मंजूर बाबीखाली बसतो, ती बाब कुणाच्या अधिकारात आहे आणि त्या बाबीत शिल्लक आहे का, एवढंच ते विचारत असतात. महाराष्ट्रात साधारण सत्तर हजार आशा आहेत. एका सेलला तीस रुपये धरले तर वर्षाला एकदा सेल बदलण्याचा खर्च एकवीस लाख होतो. राज्याच्या आरोग्य खर्चात ही रक्कम नगण्य आहे, पण नवी बाब म्हणून मांडली की तिला नव्या मंजुरीच्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. आशांच्या पेटीतलं साहित्य भरून देण्याची बाब आधीपासून असते. सेल त्या भरपाईच्या यादीत घालावा, अशी अर्ध्या पानाची टिपणी आम्ही तयार केली. एका जिल्ह्याच्या प्रस्तावात ती जोडली गेली, मंजूरही झाली. माझ्या नावावर असलेल्या कुठल्याही शोधनिबंधापेक्षा मला त्या अर्ध्या पानाचं समाधान जास्त आहे.

त्यामुळे नव्यांना माझं पहिलं सांगणं : शासनाचे कागद वाचायला शिका. राष्ट्रीय आरोग्य अभियानात दर राज्य आपला अंमलबजावणी आराखडा, म्हणजे पीआयपी, केंद्राकडे पाठवतं. जिल्ह्यांकडून मागण्या येतात, राज्य त्या एकत्र करतं, दिल्लीत बैठक होते, आणि मग काय मंजूर झालं काय नाही याची नोंद, म्हणजे आरओपी, निघते. आपल्याकडे या खर्चात केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस. आरओपी सर्वांसाठी खुली असते. तुमच्या आवडीचा एकच विषय घ्या, समजा सिकल सेल किंवा सर्पदंश, आणि लागोपाठ काही वर्षांच्या आरओपींत त्याच्यापुढे किती रक्कम होती, कुठली मागणी नाकारली गेली आणि शेऱ्यात काय लिहिलं होतं ते बघत जा. भाषणांतून कळत नाही ते शेऱ्यांतून कळतं. तसंच राज्याचे शासन निर्णय वाचा. जीआरची प्रस्तावना वाचली की मागे काय काय घडलं त्याचा माग लागतो, आणि शेवटच्या परिच्छेदात वित्त विभागाचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक दिसला की पैशाला होकार मिळालाय हे कळतं.

मोबदल्याच्या अटी तर शब्दन् शब्द वाचाव्यात. २०११ च्या सूचनांत आशाला सगळ्या भेटी पूर्ण केल्याबद्दल २५० रुपये ठरले. सोबत अटी होत्या. बाळाचं वजन कार्डावर नोंदलेलं हवं, जन्मनोंदणी हवी, लसी हव्यात, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ दोघंही सुखरूप हवीत. शेवटची अट वाचून मी बराच वेळ थांबले होते. सगळ्या भेटी मनापासून करूनही एखादं बाळ जातं. कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ तर आशाच्या सर्वाधिक कष्टानंतरही जाऊ शकतं. तिथे मोबदला मृत्यूशी बांधला तर मृत्यूची नोंद करणारीलाच शिक्षा झाल्यासारखं होतं, आणि ज्या राज्यात बालमृत्यूंच्या नोंदींवरून एवढं रान उठलं तिथे तर ही गोष्ट फार जपून हाताळायला हवी. अशी वाक्यं वाईट हेतूने लिहिली जात नाहीत. मसुदा करताना आशाच्या बाजूने बोलणारं कुणी खोलीत नसतं म्हणून ती तशी उरतात. त्या खोलीत बसायची संधी तुम्हाला मिळाली तर मोबदल्याच्या परिच्छेदावर बोला.

क्षयरोगाचं उदाहरण थोडक्यात देते, कारण तिथे गळती वेगळ्या प्रकारची आहे. या आजारात आपल्या देशाला जुना अभिमानाचा वारसा आहे. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवलं की क्षयरुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवण्याची गरज नाही, घरी राहून औषधं घेतली तरी तो तितकाच बरा होतो आणि घरच्यांना जास्त धोकाही होत नाही. १९५९ मध्ये निष्कर्ष छापले गेले आणि १९६२ मध्ये घरी राहून उपचारांवर उभा असलेला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. इतकं झटपट झालं, कारण देशात लाखो रुग्ण होते आणि खाटा नव्हत्या. शासन ज्या अडचणीत असतं त्या अडचणीचं उत्तर घेऊन गेलात तर दार लवकर उघडतं.

अलीकडचा 'राशन्स' अभ्यास बघा. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने क्षयरुग्णांना आणि, एका गटात, त्यांच्या घरच्यांनाही दरमहा धान्य आणि डाळ दिली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निष्कर्ष आले. ज्या घरांना शिधा मिळाला तिथे घरच्या माणसांना नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. रुग्णाचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं तर मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. केंद्राने नोव्हेंबर २०२४ पासून क्षयरुग्णांना आहारासाठी पैसे देणाऱ्या निक्षय पोषण योजनेची मदत महिना ५०० वरून १००० रुपये केली, आणि कमी वजनाच्या रुग्णांसाठी पहिल्या दोन महिन्यांत जादा पोषक आहाराचीही सोय जाहीर केली. फार चांगली गोष्ट झाली. पण शेजारी ठेवलेले दोन कागद पुन्हा बघा. अभ्यासात शिधा होता, धोरणात मुख्यतः रोख रक्कम आहे, कारण थेट बँक खात्यात पैसे पाठवण्याची वाट २०१८ पासून तयार होती. अभ्यासात घरच्या प्रत्येक माणसाचा वाटा होता. धोरणात घरच्यांसाठीची मदत दात्यांवर, म्हणजे निक्षय मित्रांवर सोपवलेली आहे. ३९ टक्क्यांचा निष्कर्ष नेमका घरच्यांबद्दलचा होता. हजार रुपयांतून घरात डाळ येते का, ती कुणाच्या ताटात जाते, बँक खातं नसलेल्या स्थलांतरित मजुराचं काय होतं, हे आता शोधायचं आहे, आणि ते काम तुमच्यासारख्यांसाठी पडून आहे.

पैशाच्या हिशेबाचा विषय निघालाच आहे तर आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाबद्दल सांगते. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये यासाठी एचटीएआयएन ही यंत्रणा उभी केली. एखादी लस, उपकरण किंवा उपचारपद्धती सरकारने घ्यावी का, तिच्यासाठी मोजलेल्या जादा रुपयांतून किती जादा निरोगी वर्षं पदरात पडतात, याचा अभ्यास देशभरातल्या संस्थांकडून करून घेतला जातो. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेतही हे काम चालतं. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, औषधनिर्माण यांतून आलेल्या मुलामुलींसाठी हे उत्तम प्रवेशद्वार आहे. मॉडेल बांधायला एक्सेल चांगलं यायला हवं, 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकप्रणाली आली तर फारच उत्तम. एक मात्र सांगते. मॉडेल करणाऱ्याला खर्च-परिणामकारकतेचं गुणोत्तर प्यारं असतं, वित्त विभाग मात्र विचारतो, 'पहिल्या वर्षी एकूण किती लागतील? तिसऱ्या वर्षी किती?' प्रत्येक अहवालात हे तक्त्याच्या रूपाने पहिल्या दोन पानांत आलंच पाहिजे. जिथे शीतसाखळी (लसी थंड ठेवण्याची सोय), प्रशिक्षण, वाहतूक हे खर्च धरलेले नसतात तो अहवाल अनुभवी अधिकारी एका नजरेत बाजूला ठेवतात, आणि ते बरोबरच करतात.

शिक्षणाचं म्हणाल तर एमबीबीएस असणं सक्तीचं नाही. माझ्या आसपास बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग, समाजकार्य, अर्थशास्त्र, अगदी पत्रकारितेतून आलेली माणसं आहेत. एमपीएच केल्याने फायदा होतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था (टिस), पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा आरोग्यशास्त्र विभाग, त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन केंद्र, चंदीगडचं पीजीआय अशा चांगल्या जागा आहेत. लोकसंख्याशास्त्राकडे ओढा असेल तर देवनारची आयआयपीएस. संस्था निवडताना नावापेक्षा एक गोष्ट विचारा : विद्यार्थ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात सलग किती आठवडे ठेवतात? जिथे उत्तर आठवड्याच्या आत असेल तिथे मी जाणार नाही.

लिहिण्याचा सराव आतापासून करा, आणि तो मराठीत करा. केंद्राचा पत्रव्यवहार इंग्रजीत किंवा हिंदीत चालतो, पण राज्याच्या नस्तीवर, म्हणजे फायलीवर, टिपणी मराठीत असते आणि ती लिहिता येणारा तांत्रिक माणूस दुर्मीळ आहे. विषय, पार्श्वभूमी, सद्यःस्थिती, प्रस्ताव, वित्तीय भार, आदेशार्थ सादर. हा साचा रुक्ष वाटतो, पण त्यात बसवताना आपला मुद्दा किती पक्का आहे ते आपल्यालाच कळतं. माझी एक सहकारी दर महिन्याला एक शोधनिबंध घेते आणि त्याची एका पानाची मराठी टिपणी करते, जणू उद्याच ती सचिवांकडे जाणार आहे. तिच्या मसुद्यांत आता क्वचितच काही बदलावं लागतं.

बोलताना समोरच्याच्या कामाचा मान राखा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना 'सर, तुमच्याकडे लसीकरण कमी का?' असं विचारलं की माणूस मिटतो. 'सर, तुमच्याकडच्या अडचणी वर सांगायच्या आहेत, काय लिहू?' असं विचारलं की तासभर बोलतो. एएनएमना सिस्टर म्हणा, आशांना ताई म्हणा, आणि आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना विसरू नका. गावागावांतली खरी माहिती त्यांच्या वहीत असते. मंत्रालयात साहेबांच्या दालनाबाहेर बसलेला स्वीय सहायक तुमची नस्ती कुठे आहे हे सांगू शकतो, त्यांच्याशी नीट वागा. हे कामापुरतं गोड बोलणं नव्हे. ही माणसं वर्षानुवर्षं तिथे आहेत, तुम्ही-आम्ही करारावर येतो नि जातो.

करारावरून आठवलं. या क्षेत्रातल्या बहुतेक जागा कंत्राटी असतात, करार वर्षभराच्या आतला असतो आणि दरवेळी नूतनीकरणाची धाकधूक असते. घरच्यांना हे आधीच समजावून सांगा. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, तीन महिने मेहनत घेतलेला प्रस्ताव नवे साहेब पुन्हा पहिल्यापासून मांडायला सांगतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की सगळंच थांबतं. त्यामुळे प्रत्येक प्रस्तावाची पूर्ण पार्श्वभूमी लिहून ठेवायची सवय लावा, म्हणजे तुम्ही नसलात तरी मागून येणाऱ्याला धागा सापडेल. खाजगी कंपन्यांच्या प्रतिनिधींशीही संबंध येतो. त्यांची माहिती उपयोगाची असू शकते, पण भेट कार्यालयातच, दुसरा सहकारी सोबत असताना, आणि नोंद ठेवूनच व्हावी. तुमच्या शिफारशीवर उद्या गरिबांच्या औषधाचा पैसा खर्च होणार असतो, तिथे कणभरही संशय नको.

जागा कुठे निघतात? राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या राज्य आणि जिल्हा कार्यालयांत, पुण्याच्या राज्य आरोग्य यंत्रणा संसाधन केंद्रात, दिल्लीच्या तशाच राष्ट्रीय केंद्रात, म्हणजे एनएचएसआरसीत, आयसीएमआरच्या संस्थांतल्या प्रकल्पांवर आणि स्वयंसेवी संस्थांत. पहिली नोकरी मुंबई-दिल्लीत शोधण्यापेक्षा जिल्ह्यात शोधा, पगार कमी असला तरी. जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापकाच्या हाताखाली एक पीआयपी तयार करून पाहिलेला उमेदवार मुलाखतीत लगेच ओळखू येतो. आम्ही मुलाखतीत एक जीआर हातात देतो आणि विचारतो, याची अंमलबजावणी कुठे अडेल? डॉक्टरेट झालेले उमेदवार कधी कधी इथे गप्प होतात, आणि दोन वर्षं तालुक्यात काढलेली मुलगी सांगते, 'सर, यात प्रवासभत्ता धरलेला नाही, सिस्टर जाणारच नाहीत.'

अर्जासोबत तुम्ही लिहिलेली एक टिपणी जोडा, मागितली नसली तरी. विषय तुमच्या जिल्ह्यातला घ्या, एका पानात बसवा, वित्तीय भाराचा आकडा घाला. जाहिरात निघाली की अर्जाला दहा-पंधरा दिवसच मिळतात, तेव्हा पदवीची, अनुभवाची आणि जातपडताळणीची कागदपत्रं आधीच साक्षांकित करून ठेवा, आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाच्या फलकाकडे येता-जाता लक्ष असू द्या. कित्येक जाहिराती आजही आधी तिथेच लागतात.